वेस्ट सिस्टम १०५ इपॉक्सी: जुन्या जे/२४ चं डेक आतून कुजलं असेल तर

जुनी जे/२४ विकत घेताना शिडं, डोलकाठी, विंच सगळं तपासलं जातं, पण डेकवर अनवाणी चालून बघणारे थोडेच. टाच दाबल्यावर डेक किंचित खाली जाऊन वर येत असेल, स्टँचनच्या (कठड्याच्या उभ्या दांड्यांच्या) बुडाशी केसासारख्या भेगा असतील आणि केबिनच्या छताला बोल्टाभोवती तपकिरी ओघळ वाळलेले असतील, तर आतला बाल्सा, म्हणजे डेकमधलं हलकं लाकूड, गेला आहे असं समजा. वरून कितीही रंग मारला तरी हा आजार जात नाही. डेक उघडावंच लागतं, आणि ते परत बंद करायला काय वापरायचं यावर पुढची वीस वर्षं अवलंबून असतात. वेस्ट सिस्टम १०५ या कामाला कितपत उतरतं, ते कुठे फसतं आणि कोकणच्या हवेत ते कसं वागतं, हे इथे पाहू.

आधी बोटीबद्दल. रॉड जॉनस्टोन यांनी आरेखित केलेली ही २४ फुटी बोट १९७७ पासून बनते आहे. जगभर पाच हजारांहून जास्त जे/२४ उतरल्या आणि मुंबई बंदरातही त्या आहेत. तिचं डेक आणि हल (बोटीचं खालचं धड) दोन्ही सँडविच पद्धतीचे: फायबरग्लासच्या दोन साली आणि मध्ये उभ्या रेषांचा बाल्सा. साली ताण आणि दाब घेतात, गाभा त्यांना एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर घट्ट धरून ठेवतो. गाभा कुजला की दोन्ही साली सुट्या होतात आणि प्रत्येक जण एकटीने वाकते.

उभ्या रेषांच्या बाल्सात पाणी आडवं सहजासहजी पसरत नाही. मग मोठा भाग ओला होतो कसा? बाल्सा लहान चौकोनी ठोकळ्यांच्या रूपात जाळीच्या कापडावर चिकटवलेला येतो. ठोकळ्यांमधल्या फटी कारखान्यात रेझिनने भरल्या गेल्या नसतील तर त्याच पाण्याच्या नाल्या बनतात. एका स्टँचनच्या सैल बोल्टातून शिरलेलं पाणी त्या वाटेने हातभर लांब जाऊन मुरतं. म्हणून दुरुस्ती करताना नव्या ठोकळ्यांच्या फटी भरणं हे काम गाभा बदलण्याइतकंच महत्त्वाचं.

वेस्ट सिस्टम हे मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन ब्रदर्सचं उत्पादन. १०५ हे मूळ रेझिन, आणि त्याला कडक करणारे चार हार्डनर: २०५ जलद, २०६ मंद, २०७ पारदर्शक वॉर्निशच्या कामासाठी, २०९ अतिमंद. २०५ आणि २०६ साठी प्रमाण आकारमानाने ५ भाग रेझिनला १ भाग हार्डनर. २०७ आणि २०९ साठी ३ ला १. इथेच पहिली गफलत होते. डब्यांवर मोजून देणारा ५ ला १ चा पंप लावलेला असताना कोणी २०९ चा डबा आणला आणि पंप तोच ठेवला, तर मिश्रण कधीच धड कडक होत नाही. ३ ला १ साठी वेगळा पंपसंच मिळतो, तोच घ्यावा. डब्यांवर आकारानुसार ए, बी, सी अशी अक्षरं असतात. रेझिनचं आणि हार्डनरचं अक्षर जुळलं की दोन्ही डबे एकदमच संपतात.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. पंपाची रचनाच अशी आहे की रेझिनचा एक पूर्ण दाब आणि हार्डनरचा एक पूर्ण दाब मिळून योग्य प्रमाण होतं. ‘पाचास एक’ डोक्यात बसलेला माणूस रेझिनचे पाच दाब देतो आणि हार्डनरचा एक. झालं पंचवीसास एक. असं मिश्रण आठवडाभरानेही च्युइंगमसारखं राहतं आणि ते खरवडून काढण्यापलीकडे उपाय नाही. वर हार्डनर फासून ते वाळत नाही. प्रत्येक दाब तळापर्यंत द्या, दांडा आपोआप वर येऊ द्या, आणि पंप नवा असेल तर पहिले काही दाब वेगळ्या कपात घेऊन हवा काढून टाका. लहान प्रमाणात काम असेल तर पंपापेक्षा एक ग्रॅम अचूकतेचा वजनकाटा बरा. २०५-२०६ साठी वजनानेही प्रमाण जवळपास ५ ला १ च येतं, २०९ साठी मात्र वजनाने साधारण साडेतीनास एक होतं. काट्यावर ‘तीनास एक’ मोजलं तर हार्डनर जास्त पडतो.

पंप स्वस्त नाहीत, पण या उत्पादनातली सर्वांत कामाची वस्तू तीच आहे असं आमचं मत. डेकवर वाकून, हातमोजे घालून, उन्हात काम करताना एक दाबाला एक दाब एवढं पाळलं की मोजमापात चूक होण्याची शक्यता फारच कमी राहते.

आता हवामान. २२ अंशांना १०० ग्रॅम मिश्रण कपात ठेवलं तर २०५ ला ९ ते १२ मिनिटं मिळतात, २०६ ला २० ते २५, २०९ ला ४० ते ५०. तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मी होते. म्हणजे मुंबईत मार्चच्या दुपारी ३२ अंशांना २०६ चे हातात दहा-बारा मिनिटंच उरतात, आणि बाल्साचा मोठा तुकडा भिजवून, बसवून, दाबून होईपर्यंत कप धूर सोडायला लागतो. २०५ इकडे डेकच्या कामाला घेऊच नये. २०९ हेच कोकणपट्टीचं हार्डनर. ते २१ अंशांखाली मात्र आळशी होतं, तेव्हा थंडीतल्या रात्री त्यावर विसंबू नका. तिथे २०६ ठीक.

कप तापतो त्याचं कारण रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता सोडते, आणि खोल भांड्यात ती कोंडते. ढवळून झालं की मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओता. थर पातळ असला की तेच मिश्रण दुपटीहून जास्त वेळ चालतं. तापलेला कप हातातून टाकायचा तो उघड्यावर, कागद-कापूस-थिनरपासून लांब. या उष्णतेने प्लॅस्टिकचा कप वितळतो आणि वाफ घशाला लागते.

दुरुस्तीकडे वळू. आधी हद्द आखायची. प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने डेकवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो, कुजक्या जागी भदभद. खडूने रेघ ओढा. ओलावामापक असेल तर उत्तम, पण खालून अॅल्युमिनियमची पट्टी असेल तिथे तो खोटं बोलतो. शंका असेल तिथे केबिनच्या बाजूने ५ मिमीचं भोक गाभ्यापुरतं पाडा आणि ड्रिलवर येणारा भुसा बघा. फिकट, कोरडा असला तर थांबा. काळपट आणि ओला असला तर हद्द पुढे सरकवा. जे/२४ वर आधी बघायच्या जागा म्हणजे स्टँचनची बुडं, जेनोआचे (पुढच्या मोठ्या शिडाचे) ट्रॅक, डोलकाठीच्या तारा जिथे बांधतात त्या चेनप्लेट, पुढचं हॅच आणि डोलकाठी डेकमधून खाली जाते तो गळा.

साल कापताना पातं सालीच्या जाडीइतकंच खाली जाईल असं लावा, साधारण ३ मिमी. आतली साल कापली गेली तर काम दुप्पट होतं. चहूबाजूंनी ५० मिमी कड सोडा, तिच्यावर पुढे जोड बसतो. साल उचलली की ओला बाल्सा पटाशीने निघतो. कडेखाली लपलेला गाभा काढायला अॅलन कीचा वाकडा तुकडा ड्रिलला लावून फिरवतात. ही युक्ती फार उपयोगी आहे, कारण तिथे उरलेला ओला चुराच पुढच्या कुजण्याचं बी असतं. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आतली साल घासा, धूळ ओढून घ्या, शेवटी अॅसिटोनने पुसा. क्रम महत्त्वाचा. घासण्याआधी पुसलं नाही तर जुनं मेण आणि सिलिकॉन घासताना आत रगडलं जातं, म्हणून एकदा आधी आणि एकदा नंतर पुसावं.

नवा बाल्सा आधी कोरडाच बसवून बघा. मग तुकडे उलटे करून दोन्ही अंगांना निव्वळ (भुकटी न घातलेलं) मिश्रण लावा. उभ्या रेषा ते पिऊन टाकतात आणि पृष्ठभाग निस्तेज होतो. तिथे पुन्हा लावा. चकाकी टिकली म्हणजे पोट भरलं. हे न करता घट्ट मिश्रणावर कोरडा बाल्सा बसवला तर तो चिकटवण्यातलंच रेझिन शोषून घेतो आणि सांधा उपाशी राहतो. डेकच्या दुरुस्तीत सांधे सुटतात ते बहुतेक याच कारणाने. डेकच्या आतल्या सालीलाही निव्वळ मिश्रणाचा हात द्या, त्यावर ४०६ कोलॉइडल सिलिका घालून घट्ट केलेलं मिश्रण दातेरी कालथ्याने पसरा, तुकडे दाबून बसवा, प्लॅस्टिकचा कागद आणि वर वाळूच्या पिशव्या ठेवा. दर चार-पाच इंचांवर बाल्साला ३ मिमीची भोकं असतील तर हवा आणि जादा मिश्रण वर येतं, आणि खाली पोकळी राहिली नाही याची खूणही मिळते. ठोकळ्यांमधल्या फटी वरून भरून घ्या.

घट्टपणा सांगायला इंग्रजी पुस्तिकेत मेयोनीज आणि पीनट बटर असतं. आपल्याकडे काकवी, इडलीचं पीठ आणि श्रीखंड ही मापं चांगली. बाल्सा चिकटवायला इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट, उभ्या कडेला आणि कोपऱ्यात श्रीखंड, जे कालथ्यावरून ओघळत नाही. भुकटी नेहमी रेझिन आणि हार्डनर दोन मिनिटं नीट ढवळून झाल्यावरच घाला. आधी घातली तर हार्डनर सगळीकडे पोहोचत नाही. ४०४ ही जड भुकटी बोल्टांच्या जागांसाठी. ४०७ आणि ४१० हलक्या, सपाटी करण्याच्या पुट्टीसाठी. त्यातली ४१० घासायला सर्वांत सोपी, पण उष्णता सोसत नाही. गडद रंगाखाली ती वापरू नका.

फायबर निवडताना भारतातल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) दुकानात समोर येते ती चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे तुटक तंतूंची चटई. तिचे तंतू ज्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात ते पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतं. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे मॅट ताठ राहते, पांढरी दिसते आणि नीट भिजत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड किंवा शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं कापड) घ्या. ६०० ग्रॅमच्या बायअॅक्सियलचा एक थर हाताने लावल्यावर साधारण पाऊण मिलिमीटर भरतो. म्हणजे ३ मिमीची साल नव्याने उभी करायला चार थर. कडेला उतार १२ ला १ ठेवा: ३ मिमी जाडीला ३६ मिमी रुंद. उतार आखूड केला तर जोड त्याच रेषेवर पुन्हा तडकतो. जुनी साल चांगली असेल तर तीच परत बसवता येते आणि तिच्यावरची खडबडीत नक्षीही वाचते. पण ती बसवताना खाली काय झालं ते दिसत नाही, म्हणून सालीलाही भोकं पाडा आणि प्रत्येक भोकातून मिश्रण वर आल्याशिवाय वजन उचलू नका.

किती लागेल? एक चौरस मीटरचा हिशोब असा. चार थरांचं कापड २४०० ग्रॅम, हाताने लावताना रेझिन कापडाच्या वजनाइतकंच धरायचं, म्हणजे २.४ किलो. बाल्सा आणि साल भिजवायला ७०० ग्रॅम, चिकटवायला एक किलोभर, सपाटीला ४०० ग्रॅम. साडेचार किलो झाले. ५ किलो रेझिनचा बी संच घेतला की हार्डनर मिळून सहा-साडेसहा किलो होतं, आणि ट्रेमध्ये, ब्रशवर, हातमोज्यांवर जे जातं तेही भागतं. ए संच फक्त बोल्टांची भोकं भरण्यापुरता.

एका थरावर दुसरा थर कधी? नखाचा ठसा उमटतो पण हाताला चिकटत नाही, अशा वेळी पुढचा थर दिला तर दोन्ही रासायनिकरीत्या जोडले जातात आणि घासावं लागत नाही. रात्र उलटली तर पृष्ठभागावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, दमट हवेत जास्तच. तो पाण्यात विरघळतो, अॅसिटोनने फक्त इकडून तिकडे पसरतो. साधं पाणी आणि हिरवी घासणी, मग पुसून घ्या, मग पॉलिश पेपर. हा क्रम चुकला की त्यावरचा रंग काही महिन्यांत पापुद्र्याने सुटतो आणि दोष बिचाऱ्या रंगाला दिला जातो.

बोल्टांच्या जागा हा या सगळ्याचा जीव, कारण आजाराची सुरुवात तिथेच झाली होती. ८ मिमीच्या बोल्टासाठी वरच्या सालीतलं आणि गाभ्यातलं भोक १६ मिमीपर्यंत मोठं करा, खालची साल तशीच ठेवा. वाकड्या अॅलन कीने आतला बाल्सा आणखी थोडा कोरा, खालून टेप लावा, आधी निव्वळ मिश्रण ओतून भिंती भिजवा, मग ४०४ घातलेलं मिश्रण भरा. कडक झालं की मधोमध ८ मिमीचं भोक. आता पाणी बोल्टावाटे आलं तरी त्याला बाल्सा भेटत नाही. वरच्या तोंडाला हलका उतार द्या आणि तिथे ब्युटाइल टेपचं (मऊ राहणाऱ्या रबरी चिकटपट्टीचं) कडं बसवा. आवळायचं ते एकदम नाही, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं, कारण ब्युटाइल हळूहळू बाहेर येतं. खाली ५-६ मिमी जाडीची पाठपट्टी हवी. पुढे काढावं लागेल अशा फिटिंगखाली कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन गोंद वापरू नका. तो काढताना साल घेऊन येतो.

डेकला भोकं पाडून ओल्या गाभ्यात इपॉक्सी टोचण्याचा उपाय पुष्कळ सुचवला जातो. तो करू नये. इपॉक्सी पाण्याला बाहेर ढकलत नाही, ओल्या लाकडाला चिकटत नाही, आणि कुजलेला भाग तिथेच बंद होऊन बसतो. थिनर घालून पातळ केलेलं मिश्रण खोल मुरतं हे खरं, पण ताकद गमावून. वर्षभराने पुन्हा उघडायचं असेल तर आज पूर्ण उघडणं स्वस्त पडतं.

जुन्या जे/२४ मध्ये कीलच्या (तळाखालच्या जड पंखाच्या) वरच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट हे हलकं खनिज मिसळलेला भराव आढळतो. तो पाणी धरून ठेवतो. काढून तिथे इपॉक्सी भरायची असेल तर एका वेळी १२ मिमीपेक्षा जाड थर ओतू नका. आणि शर्यतीत उतरणारी बोट असेल तर कापण्याआधी जे/२४ वर्गाचे शर्यतीचे नियम वाचा. वजन आणि आकार त्यात बांधलेले आहेत.

१०५ च्या उणिवा दोन. पहिली ऊन. अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडते आणि भुसभुशीत होते, त्यामुळे वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग अनिवार्य आहे. दुसरी उष्णता, आणि ती आपल्याकडे जास्त बोचते. साध्या तापमानाला कडक झालेली १०५ साधारण ५० अंशांना मऊ व्हायला लागते. एप्रिलच्या उन्हात गडद निळं किंवा करडं डेक त्याच्या सहज पुढे जातं. आतल्या फायबरची वीण वर उमटायला लागते आणि आवळलेले बोल्ट सैल पडतात. नवं डेक पांढरं किंवा अगदी फिकट ठेवा. देखणेपणासाठी गडद रंग हवाच असेल तर तो हलवर द्या, डेकवर नको.

स्थानिक पर्यायांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे अराल्डाइट एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१, किंवा लॅपॉक्स एल-१२ आणि के-६ या जोड्या मिळतात, दोन्ही वजनाने १०० ला १०. कापडाचे थर द्यायला त्या चांगल्या आहेत आणि १०५ पेक्षा खूप स्वस्त. पण प्रमाण दहास एक असल्यामुळे थोडीशी चूकही मोठी ठरते, काट्याशिवाय हात लावू नये. वेळही कमी मिळतो, आणि उन्हाळ्यात अतिमंद हार्डनरची सोय त्या जोडीत नाही. मोठं क्षेत्र असेल तर पहाटे सहाला, १५०-२०० ग्रॅमचे छोटे कप करून त्यांच्यावर काम होतं. बाल्सा भिजवणं आणि बोल्टांच्या जागा यांसाठी मात्र १०५-२०९ च घ्यावं असं आम्ही सांगू. पॉलिएस्टर रेझिन या दुरुस्तीत कुठेच नको. ते आकसतं, आणि जुन्या कडक सालीला त्याची पकड इपॉक्सीएवढी नसते. लॉकरची नवी झाकणं करायला ते पुरेसं आहे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला हार्डनर बॅगेत आणायला सांगू नका. तो क्षरणकारी माल आहे, विमानाच्या सामानात चालत नाही. समुद्रमार्गे किंवा अधिकृत आयातदाराकडूनच घ्या. डबे बंद असतील तर वर्षानुवर्षं टिकतात. थंडीत रेझिनमध्ये साखरेसारखे कण धरले तर डबा गरम पाण्यात ठेवून ढवळा, ते विरघळतात आणि रेझिन वापरण्याजोगं होतं.

हातमोजे नायट्रिलचे, आणि अर्धवट कडक झालेलं मिश्रण घासताना तोंडाला मास्क. त्या धुळीने त्वचेला अॅलर्जी जडली तर ती आयुष्यभर राहते आणि पुढे झाकण उघडलं तरी पुरळ उठतं. कातडीला लागलं तर साबण-पाणी किंवा हात धुण्याची पेस्ट, अॅसिटोन कधीही नाही. हत्यारांना व्हिनेगर चालतं.

वेळ निवडताना पावसाळा सोडा. बोटी जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असतात आणि तेव्हाच हात मोकळे असतात, म्हणून डेक उघडण्याचा मोह होतो. त्या हवेत उघडा बाल्सा कधीच सुकत नाही, वरून नवं डेक बांधलं तरी ओल आत कोंडते. पावसाळ्यात ठोकून हद्द आखा, फिटिंग उतरवा, पाठपट्ट्या कापा, छताच्या आतल्या बाजूने भोकं पाडून भुसा तपासा. साल कापायची ती डिसेंबर-जानेवारीत, कोरडं वारं वाहत असताना. उघडलेला गाभा दोन आठवडे दिवसा उन्हात आणि रात्री झाकून ठेवा, आणि कडेच्या जुन्या बाल्सावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून सकाळी बघा. आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून थांबा.